भूकंपाने माणूस मरतो का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण मित्रांनो, थोडा वेळ गंभीरपणे घ्या. मोकळ्या रानात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन हादरली तर काय होईल? तो पडेल, घाबरेल, गुडघा फुटेल. मग उठून कपडे झटकेल. जमीन दुभंगते आणि माणसं गडप होतात ते बहुतेक सिनेमात. प्रत्यक्षात मारतं ते घर. 'भूकंप मारत नाही, इमारती मारतात' हे वाक्य आपल्याला वर्गात कधी ना कधी ऐकवलं जातंच, आणि आपण सिव्हिलवाले ते ऐकून मनातून खूष होतो, कारण त्यात आपला भाव वधारतो! सेमिनारसाठी मी किल्लारीच्या भूकंपावर वाचायला लागलो तेव्हा मला त्याच्या पुढचा प्रश्न पडला. इमारत मारते हे मान्य. पण ती इमारत तशी का बांधली गेली? त्याचं उत्तर शोधताना माझी अर्धी वही समाजशास्त्राने भरली. गाईडनी कपाळाला हात लावला तो भाग सोडून देऊ.

आधी घटना. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं गाढ झोपली होती. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं किल्लारी, शेजारच्या धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत ढिगारा झाली. तीव्रता ६.२. मृतांचा आकडा आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत वेगवेगळा दिला जातो.

आता दुसरी तारीख बघा. १७ जानेवारी १९९४, म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांनी. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. तीव्रता ६.७, वेळ पहाटे साडेचार. तिथेही लोक झोपेतच होते. रिश्टरचं गणित आपल्याला माहीत आहे, अर्ध्या एककाच्या फरकाने बाहेर पडणारी ऊर्जा साधारण साडेपाच पट होते. शिवाय ते लाखो लोकवस्तीचं महानगर. मृत्यू किती? साठच्या आसपास.

तुलना तंतोतंत नाही हे मला कळतं. किल्लारीचा भूकंप जमिनीखाली फार उथळ होता, नॉर्थरिजचा त्यापेक्षा बराच खोल. उथळ भूकंपाचा हिसका जवळच्या भागात जास्त बसतो. पण खोलीचा फरक कितीही ताणला तरी साठ आणि आठ हजार यांतलं अंतर त्यात मावत नाही. उरलेलं अंतर भूगर्भात सापडत नाही, ते जमिनीच्या वर शोधावं लागतं.

इंग्रजी पुस्तकांत यासाठी 'व्हल्नरेबिलिटी' हा शब्द येतो. सरकारी मराठीत त्याला 'भेद्यता' म्हणतात. मला तो वाचला की देवगिरीचा किल्ला आठवतो! मी साधं म्हणेन : एकच धक्का बसला तर कुणाला किती झळ लागणार हे आधीपासून ठरवून ठेवणारी परिस्थिती. १९७६ साली ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर या तिघांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. 'नैसर्गिक आपत्ती'मधला 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाका, असा त्यांचा रोख होता. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला ग्वाटेमालात ७.५ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे तेवीस हजार माणसं गेली होती. राजधानीत दऱ्यांच्या उतारावर मातीच्या विटांच्या घरांत राहणारे गरीब मेले आणि चांगल्या वस्तीतले लोक जवळपास जसेच्या तसे राहिले. तेव्हा त्या भूकंपाला 'क्लासक्वेक' असं नाव पडलं. आपण 'वर्गकंप' म्हणू. पुढे १९९४ मध्ये ब्लेकी, कॅनन, डेव्हिस आणि विस्नर यांचं 'ॲट रिस्क' हे पुस्तक आलं. त्यात आपत्तीची साखळी मांडली आहे. दूरवरची मूळ कारणं (जमीन कुणाकडे, सत्ता कुणाकडे), त्यातून येणारे रोजचे दबाव आणि शेवटी डोळ्यांना दिसणारी धोक्याची स्थिती, म्हणजे ती पडायला आलेली भिंत. धक्का फक्त शेवटी येतो.

हे वाचून मी किल्लारीकडे वळलो ते एक सरळ उत्तर घेऊनच : गरीब होते म्हणून मेले. पण किल्लारी इतकी सोपी नाही.

त्यासाठी मराठवाड्यातलं जुनं घर बघायला हवं. दगडाच्या दोन-अडीच फूट, कुठे कुठे त्याहूनही जाड भिंती. सांध्यात सिमेंट नाही, चुना नाही, नुसता मातीचा चिखल. भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती खरं तर दोन भिंती असतात. एक बाहेरच्या तोंडाची, एक आतल्या तोंडाची आणि दोन्हींच्या पोटात दगडाचे तुकडे नि मातीची भर. वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा एक ते दोन फुटांचा थर. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात असं घर गार राहतं, त्यामुळे कुणी मूर्खपणाने ते बांधलं असं समजू नका. पंख्याशिवाय मे महिना काढून बघा एकदा! पण माळवद गळायला लागलं की पावसाळ्यापूर्वी वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर पडतो. जुना काढायचे कष्ट कोण घेणार? दरवर्षी थोडं थोडं करत छप्पर जड होत जातं.

किती जड? दहा बाय बाराची खोली धरली तर क्षेत्रफळ साधारण ११ चौरस मीटर. मातीचा थर सरासरी ४५ सेंटिमीटर आणि घनता १७०० किलो प्रति घनमीटर धरली तर एका चौरस मीटरवर ७६५ किलो. म्हणजे एका खोलीत झोपलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर साडेआठ टनांच्या जवळपास माती. लाकूड वेगळं. सप्टेंबरअखेरीस पावसाचं पाणी पिऊन ती आणखी जड झालेली असणार. १० सेंटिमीटरच्या आरसीसी स्लॅबचा भार चौरस मीटरला २५० किलो, पत्र्याचा तर दहा किलोही नाही. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे आपण अकरावीपासून घोकतो. जमीन तीच, त्वरण तेच. पण माळवदाच्या घराला बसणारा आडवा हिसका पत्र्याच्या घराच्या कित्येक पट. हा हिसका आला की भिंतीची दोन तोंडं एकमेकांपासून सुटतात, बाहेरचं पोट फुगतं, मधली भर ओघळते आणि वरचा सगळा बोजा खाली. पाच-सहा फुटी बोळांत दोन्ही बाजूंच्या भिंती कोसळल्यावर जिवंत माणसाला बाहेर पडायलाही वाट उरली नाही.

आता गंमत बघा. (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही.) गावाच्या कडेला कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर असलेल्या झोपड्या होत्या. भूमिहीन मजुरांच्या. त्या हलल्या, वाकल्या, पण तिथली माणसं मोठ्या प्रमाणावर वाचली. काही जुन्या मोठ्या वाड्यांत माळवदाचा भार भिंतींवर नव्हता, लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर होता. तिथे भिंती ढासळल्या तरी खणांचा सांगाडा अनेक ठिकाणी उभा राहिला. सगळ्यात वाईट हाल झाले ते मधल्यांचे. ज्यांना झोपडी सोडून दगडी घर बांधण्याइतपत ऐपत आली होती, पण सागाच्या सांगाड्याइतकी नाही. त्यांनी दगडाच्या भिंतीवरच माळवद ठेवलं. लाकूड महाग, दगड रानात फुकट. म्हणजे ग्वाटेमालाचा वर्गकंप इथे उलटा-सुलटा झाला. थोडी परिस्थिती सुधारली तेव्हाच धोका वाढला. म्हणून मला वाटतं, झळ कुणाला लागणार हे नुसत्या उत्पन्नाच्या आकड्यावरून काढता येत नाही. माणूस कुठल्या घरात झोपतो, ते घर कसं उभं राहिलं आणि त्याला दुसरा कुठला मार्ग खुला होता, हे विचारावं लागतं.

घर कसं उभं राहतं? आपल्या ड्रॉइंगमध्ये ते एकदम उभं राहतं. कोरडवाहू शेतकऱ्याचं मात्र हप्त्याहप्त्याने. यंदा तूर बरी झाली, एक भिंत. पुढचं वर्ष दुष्काळाचं, काम बंद. मग मुलाचं लग्न ठरलं की आणखी एक खोली. नवी भिंत जुन्या भिंतीला नुसती टेकवलेली, कोपऱ्यात दगडात दगड अडकवलेला नाही. कोपरा सुटला की घर सुटलं, हे आपण स्ट्रक्चरच्या पेपरात दहा मार्कांसाठी लिहितो. पण तो कोपरा कच्चा राहण्याचं कारण पावसाच्या लहरीत आणि गावात घरासाठी कर्ज न मिळण्यात आहे, हे त्या उत्तरात लिहिलं तर एकही मार्क मिळणार नाही.

दुसरी गोष्ट आरपार दगडाची. भिंतीच्या बाहेरच्या तोंडापासून आतल्या तोंडापर्यंत पोहोचणारे लांब दगड मधून मधून घातले तर दोन्ही तोंडं एकमेकांना धरून राहतात. आयएस १३८२८ हे मानक, योगायोगाने १९९३ सालचंच, सांगतं की दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असा एक दगड हवा. औसा भागात एका म्हाताऱ्या गवंड्याला मी विचारलं, "काका, तुम्हाला हे माहीत नव्हतं का?" ते हसले. "लेकरा, माहीत नसायला काय झालं? आमचा बाप घालायचा की. पर येवढा लांब दगड घडवायला निम्मा दिस जातोय. मालक ब्रासावर पैसे मोजणार. आत गेलेला दगड त्येला दिसतोय व्हय? दिसतो तो तोंडाचा." इथे अज्ञान कुठे आहे? ज्ञान होतं. मजुरीच्या दरात ते बसत नव्हतं.

लांब दगड मिळत नसेल तर ते मानक पर्यायही देतं. काँक्रीटचा तुकडा, लाकडाची पट्टी किंवा दोन्ही टोकांना वाकवलेली 'एस' आकाराची सळी. मी सहज हिशोब केला. बारा फूट लांब आणि नऊ फूट उंच भिंतीत असे बारा सांधे येतात, चार भिंतींना पन्नासच्या आसपास. आठ मिलिमीटरची सळी, भिंतीच्या जाडीप्रमाणे एक तुकडा दोन ते तीन फुटांचा. एका खोलीला लोखंड लागतं बारा ते अठरा किलो. एवढ्याने घर भूकंपरोधक होत नाही. वरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा, माळवदाची माती कमी करायला हवी, भिंत मुळात ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड असू नये असंही तेच मानक म्हणतं. पण भिंत क्षणात फुटायच्या ऐवजी थोडा वेळ तग धरते. झोपेतून उठून दार गाठायला तेवढा वेळ लागतो.

काही जण म्हणतात, सगळा दोष नकाशाचा. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात किल्लारी पहिल्या क्षेत्रात, म्हणजे सर्वात सुरक्षित मानलेल्या भागात होती. दख्खनचं पठार म्हणजे पक्का खडक, तिथे काय होणार, ही समजूत. खरं तर ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने तिला तडा दिला होता. २००२ मध्ये नकाशा बदलला, पहिलं क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. ठीक. पण समजा, १९९३ मध्येच तो तिसऱ्यात असता तर? त्या गावांतल्या एकाही दगडी घराचा नकाशा कुणा इंजिनिअरच्या टेबलावर आला नव्हता. मानकं शहरातल्या इमारतींसाठी होती. गावातलं घर गवंडी आणि मालक ओट्यावर बसून ठरवत. शिवाय सूचना अजिबात मिळाली नव्हती असंही नाही. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारीत लहान धक्के आणि जमिनीखालचा गडगडाट जाणवत होता, त्यातला मोठा धक्का ऑक्टोबर १९९२ चा. पण कळून करणार काय? ज्याच्याकडे एकच घर आहे तो त्याच घरात झोपणार.

आता भूकंपानंतरची गोष्ट. माझ्या मते ती अभ्यासक्रमात असायला हवी. जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्र सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचा आकार ठरला तो जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त जमीन असेल तर ७५०. यामागे कारण नव्हतं असं नाही. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारं, जनावरं यांना जागा लागते. आणि ज्यांनी जन्मभर कुडाची भिंत पाहिली त्यांना पहिल्यांदा पक्कं घर मिळालं, हेही खरं, ते नाकारू नये. पण २५० चौरस फूट म्हणजे आपल्या होस्टेलच्या दोन खोल्या. भूमिहीन मजुराच्या घरात माणसं काही कमी नसतात! अनेक गावांत एकाच आकाराची घरं एकेका भागात एकत्र बसवली गेली. मग झालं काय, सात-बाराच्या उताऱ्यावर असलेली विषमता थेट ले-आऊटच्या ड्रॉइंगवर उतरली. जुन्या गावात भावकी आणि जातीच्या आळ्या होत्या, नव्या गावात चौरस फुटांच्या. जुनं गाव चांगलं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. गावाच्या कडेला कोण राहायचं आणि का, हे आपल्याला माहीत आहे. पण सगळं नव्याने आखायची संधी असताना आपण मोजपट्टी जुनीच वापरली.

शहरातल्यासारखे सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, गाव पूर्वीपेक्षा कितीतरी पसरलेलं. म्हातारीला शेजारणीकडे जायला उन्हात चालत जावं लागतं. दाराशी बैल बांधायची जागा नाही. ड्रॉइंग ज्यांनी काढलं त्यांना हे कुणी सांगितलं नसेल, किंवा त्यांनी विचारलं नसेल.

जी गावं हलवली नाहीत तिथे जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात हुशार भाग. आहे त्याच घरात आरपार सांधे घाला, पट्टा घाला, वरची माती उतरवा. खर्च कमी, घर तेच. पण लोकांना ते नको होतं. ज्या दगडाखालून नातवाला काढलं, तोच दगड 'आता मजबूत झालाय' असं कुणी तरुण इंजिनिअर सांगतो, यावर कोण विश्वास ठेवेल? बहुतेकांनी अनुदानात सिमेंटची एक नवी खोली बांधणं पसंत केलं आणि जुनं घर तसंच राहिलं. सिमेंट म्हणजे सुरक्षित हे समीकरण तेव्हापासून पक्कं झालं. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात अहमदाबादच्या सिमेंटच्याच बहुमजली इमारती कोसळल्या, तरी ते फारसं ढळलं नाही. या टप्प्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे लोकसहभागाचं काम होतं. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमलं गेलं. घराचं काम कसं चाललंय यावर लक्ष ठेवणं, अनुदान आणि तंत्र शेजारणींना समजावून सांगणं हे त्यांचं काम. आपल्याकडच्या साइट व्हिजिटला मी अजून एकही बाई सुपरवायझर पाहिलेली नाही, त्यामुळे हे मुद्दाम लिहिलं.

आणि पुढे? कुटुंबं वाढली, अडीचशे फूट पुरेनात. अनेक ठिकाणी भूकंपरोधक घराला लागूनच नवी खोली उभी राहिली, जुन्या गावातून आणलेल्या दगडांची. काही खोल्यांत सांध्यात पुन्हा माती. तो आरपार दगड पुन्हा गायब. मी विचारलं तर मालक म्हणाले, "सरकारी खोली झोपायला, ही सामानाला." पण पाहुणे आले की सामानाच्या खोलीतही झोपणारच की माणसं.

मराठवाडा अधूनमधून अजूनही हलतो. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली-नांदेड भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने लोकांना आवाहन केलं, घराच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून टाका. सूचना तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे, धक्क्यात तो दगड डोक्यात पडू शकतो. पण तो दगड तिथे ठेवला कशाला होता? एप्रिल-मे महिन्यांतल्या वावटळीत पत्रे उडतात म्हणून. पत्रा बांधायला हूक, नट-बोल्ट आणि खाली पक्की कैची लागते. ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठी दगड हाच बोल्ट. सूचना मार्चअखेरीस निघाली होती, आणि वावटळीचे दिवस समोर होते.